बॉस्टनच्या बाई

"हे बॉस्टनला होऊन गेलंय, सर," असं म्हणून बाई चहाचा रिकामा कप बशीत पालथा घालायच्या. म्हणजे विषय संपला.

विषय कुठलाही असो. वेळापत्रक पुन्हा बदललं, खडूची पेटी महिना सरायच्या आत संपली, कुणा पालकानं येऊन तक्रार केली की पोरगं नुसतं चित्रं काढत बसतं. बाईंच्या मते यातली प्रत्येक गोष्ट शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत, बॉस्टन शहरात आणि त्याच्या आसपासच्या गिरणीगावांत घडून गेलेली होती. तिथल्या मास्तरांनी जे सोसलं ते आपणही सोसायचं, एवढंच. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल, ज्याचे पाय एका गावात आणि जीव भलत्याच गावात असतो. आमच्या बाई नाशिकबाहेर फारशा गेल्याच नव्हत्या. पण बॉस्टनबद्दल त्या सिन्नरबद्दल बोलावं तसं बोलायच्या.

आमची शाळा सातपूरच्या बाजूला. कारखान्यांतल्या कामगारांची पोरं, आणि वसतिगृहात राहणारी सुरगाण्याकडची आदिवासी पोरं. मी गणित शिकवायचो, बाई चित्रकला आणि कार्यानुभव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लागलो तेव्हा त्या चाळिशीत होत्या. बुटक्या, ठाम चालीच्या, पदर कमरेला खोचलेला. केसांत रोज ताजं फूल. ते माहेरचं असायचं. माहेर मखमलाबादकडचं, वडील आणि भाऊ फुलं-भाजी पिकवून बाजारात नेणारे.

शाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक शेड होती. तिच्या अर्ध्या भागात चित्रकला चालायची आणि अर्ध्या भागात सुतारकाम. उन्हाळ्यात तिची भट्टी व्हायची. तिथे बाई सुखानं राहायच्या.

हे बॉस्टन त्यांच्या आयुष्यात आलं कसं, ते मी एकदा विचारलं. मला वाटलं, काहीतरी मोठं कारण असणार.

"एम.एड.ला होते," त्या म्हणाल्या. "प्रबंधाला विषय मागायला गाईडकडे गेले. तोवर चांगले विषय बाकीच्यांनी पळवले होते. सर म्हणाले, लायब्ररीत दोन जाडी पुस्तकं आहेत, अमेरिकेच्या शाळांतलं कला आणि उद्योग शिक्षण, एकोणिसावं शतक. कुणी उघडलेली नाहीत. घ्या."

"मग?"

"मग घेतली. उघडली. अजून मिटली नाहीत."

प्रबंध झाला, पदवी मिळाली, पुस्तकं लायब्ररीत परत गेली. बॉस्टन तेवढं बाईंकडे राहिलं. त्यांचे यजमान सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते, बोलायला मोजके. ते मला म्हणायचे, "सर, लोकांच्या घरी सासू राहायला येते. आमच्याकडे बॉस्टन आलंय."

गोष्ट सांगायला बाईंना फार आग्रह लागायचा नाही. त्या सांगायच्या, की तिथल्या गिरण्यांचं कापड दणकट असायचं, पण दिसायला अगदीच गबाळं. युरोपातून येणारा माल देखणा. गिऱ्हाईक तिकडे वळायचं. मग गिरणीवाल्यांच्या डोक्यात आलं, की आपल्या कामगारांच्या पोरांना लहानपणापासून रेघ मारता आली पाहिजे. त्यांनी सरकारकडे धरणं धरलं आणि कायदा करून घेतला: शाळाशाळांतून चित्रकला शिकवा, मोठ्या गावांत कामगारांसाठीसुद्धा फुकट वर्ग काढा.

"आणि शिकवणार कोण?" इथे बाईंचा चेहरा खुलायचा. "चित्रकलेचे मास्तर होतेच कुठे? वर्गावरच्या साध्या बाया! ज्यांनी जन्मात कधी चित्र काढलं नव्हतं. त्या सुट्टीच्या दिवशी जाऊन शिकायच्या आणि नंतर तेच मुलांना शिकवायच्या. आधी सरळ रेघ, मग कोन, मग चौकोन, मग फुलदाणी. हात कापत असतील हो त्यांचे फळ्यासमोर."

बोलताना बाई त्या बायांना जणू समोर बघायच्या. गिरणीवाल्यांचं त्यांना कौतुक नव्हतं. "ते आपल्या पोटापाण्याचंच बघत होते," म्हणायच्या. "पण एक गोष्ट त्यांच्या हातून चुकून चांगली झाली. चित्र ही देवाची देणगी वगैरे नाही, अक्षरासारखी शिकायची गोष्ट आहे, सगळ्यांनी, हे पहिल्यांदा सरकारी कागदावर आलं."

त्यांच्या वर्गात 'मला चित्र येत नाही' हे वाक्य चालायचं नाही. कुणी म्हणालंच, तर विचारायच्या, "तुला 'अ' काढता येतो?"

"येतो."

"काढ."

पोरगं काढायचं. बाई त्याच्याकडे कौतुकानं बघत म्हणायच्या, "केवढं अवघड चित्र काढलंस! दोन वळणं, एक आडवी, एक उभी. याच्यापुढे आंबा म्हणजे काहीच नाही."

दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि नदी, या चित्राला त्यांच्या शेडमध्ये बंदी होती. शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले, भिंतीवर नजर फिरवली आणि म्हणाले, "निसर्गचित्र एकही नाही?" भिंतीवर होते नळ, दाराच्या कड्या, सायकलची चेन, जेवणाचे डबे आणि मधोमध कापलेला फ्लॉवर. बाई म्हणाल्या, "साहेब, आमची निम्मी पोरं डोंगरातून आलीत. त्यांना विचारा, सूर्य असा येतो का." साहेबांनी खरंच एकाला विचारलं. पोरगं म्हणालं, "नाय. आमच्याकडं तो झाडीतून येतो, एकदम दिसत नाय." साहेब हसले आणि चहा प्यायला गेले.

तो फ्लॉवर बाईंच्या भावाच्या शेतातला. अशा भाज्या त्या पिशवी भरभरून आणायच्या. उभ्या कापायच्या, पोरांपुढे ठेवायच्या, आणि चित्रं झाली की सगळं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जायचं. शाळेत कशाचं चित्र चाललंय ते वसतिगृहाच्या भाजीवरून कळायचं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एकदा माझ्या वर्गावरून जाताना दारात थबकल्या आणि तास संपल्यावर म्हणाल्या, "सर, रागावू नका, पण तुमचं वर्तुळ म्हणजे बटाटा असतो. पोरांना वाटेल, बटाट्यालाच त्रिज्या असते." शनिवारी शाळा सकाळची. ती सुटली की त्या मला रिकाम्या वर्गात नेऊन वर्तुळं काढायला लावायच्या. "मनगट नको. खांद्यातून फिरवा. हां, आता मोसंबं झालं." पावसाळा संपेपर्यंत माझं वर्तुळ वर्तुळासारखं दिसायला लागलं. त्याचा मला जो आनंद झाला तो नोकरी कायम झाल्याचाही झाला नव्हता, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

बाईंचं एकच मागणं असायचं: लेथ. पोरांना लाकूड कापता येत होतं, रंधा मारता येत होता, पण फिरत्या यंत्रावर गोल वस्तू घडताना बघायचं सुख त्यांना मिळावं, असं बाईंच्या मनात फार होतं. दर वर्षी त्या शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे अर्ज द्यायच्या. दर वर्षी उत्तर यायचं नाही. अर्ज देऊन आल्या की म्हणायच्या, "बॉस्टनवाल्यांनापण लगेच मिळाली नव्हती."

दोन हजार सालाच्या पुढेमागे ते मागणं अचानक मंजूर झालं. संस्थेला कुणी देणगीदार मिळाला होता. शेड पाडून तिथे पक्की इमारत, तीत लेथ, ड्रिल, वेल्डिंगची सोय, आणि या सगळ्याच्या प्रमुख म्हणून बाई. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं तेव्हा बाईंना काही सुचेना. त्या उठल्या, परत बसल्या. मधल्या सुट्टीत स्वतः जाऊन पेढे घेऊन आल्या. शिपायापासून सगळ्यांना पेढा देताना त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. लग्न ठरलेल्या मुलीसारख्या लाजत होत्या.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी त्यांना आणि मला वेळापत्रक बसवायला बोलावलं. मुख्याध्यापक मनानं वाईट नव्हते. वरून आलेलं काम व्यवस्थित पार पाडायचं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी सांगितलं, "'क' तुकडीला रोज सकाळचे तास वर्कशॉपला द्यायचेत. त्यांचं गणित आणि इंग्रजी त्या मानानं कमी करू."

'क' तुकडी म्हणजे जवळजवळ सगळी वसतिगृहाची पोरं.

"आणि 'अ' तुकडी?" बाईंनी विचारलं.

"त्यांना कम्प्युटर. त्यांचं दहावीचं बघायचं ना, मॅडम. ती कशाला हात काळे करतील?"

"आणि 'क'वाल्यांना गणित नको?"

"नको असं नाही. पण त्यांना करायचंय काय बीजगणित? हातात कला असली की पोटाला लागतील. तुम्हीच तर म्हणता, हात शिकला पाहिजे."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि उठल्या. बॉस्टनचं नावही निघालं नाही, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं. बसस्टॉपपर्यंत आम्ही बरोबर चाललो. तिथे पोचल्यावर त्या म्हणाल्या, "सर, पुस्तकाचा शेवटचा भाग मी तुम्हाला कधी सांगितला नाही. मला तो आवडत नाही." तेवढ्यात त्यांची बस आली.

दोन दिवसांनी संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले. मोठा माणूस, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. बाईंना आणि मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं, इमारतीचा नकाशा टेबलावर पसरलेला. अण्णा खुशीत होते. "काय बाई, झालं ना मनासारखं?"

बाई उभ्याच राहिल्या. "अण्णा, लेथ मला पाहिजे. पण तिच्यावर सगळ्या तुकड्यांना आणा. नुसती 'क' तुकडी आणणार असाल तर मला ती इमारत नको."

अण्णांनी नकाशावरून मान वर केली.

"बाई, वर्षानुवर्षं तुम्हीच मागत होता ना?"

"मागत होते. सगळ्यांसाठी मागत होते." आणि मग त्यांनी तो शेवटचा भाग सांगितला. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर काळ्या लोकांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. तिथल्या मूळच्या आदिवासींच्या मुलांना घरापासून लांब नेऊन वसतिगृहात ठेवलं, त्यांचे केस कापले, त्यांची भाषा बंद केली. या सगळ्या शाळांतून हातकामाचं फार कौतुक व्हायचं. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस विटा पाडणं, जोडे शिवणं, कपडे धुणं. "गोऱ्यांच्या चांगल्या शाळांतही लेथ होती, अण्णा. पण तिथे मुलाची बुद्धी वाढावी म्हणून होती. आणि यांच्यासाठी होती ती यांनी जागेवर राहावं म्हणून. यंत्र एकच. हातोडा दिला, ते चांगलंच केलं. पुस्तक काढून घेतलं, ते वाईट केलं."

अण्णा थोडे चिडले. "बाई, हे बॉस्टन नाही, नाशिक आहे."

"म्हणूनच सांगतेय," बाई म्हणाल्या. "तिथल्या लोकांना पुढे काय होईल ते माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "'क'चे गणिताचे तास मला हवेत, अण्णा. त्यांच्यात दोघी-तिघी 'अ'च्या पुढे आहेत." ते खरंच होतं. त्यातली सुरगाण्याकडची एक मुलगी तर माझ्या आधी उत्तर सांगायची आणि मग लाजून बाकाखाली बघायची.

अण्णांनी नकाशा गुंडाळला. रागावून नव्हे, थकल्यासारखा. "देणगीदाराला अशा अटी घालता येत नाहीत, बाई," ते म्हणाले.

इमारत संस्थेच्या दुसऱ्या एका शाळेला गेली. आमचं वेळापत्रक होतं तसं राहिलं. 'क' तुकडीला गणित होतं, इंग्रजी होतं, आणि शेडचा पत्रा पावसाळ्यात गळत होता.

स्टाफरूममध्ये बाईंशी बरेच जण बोलेनासे झाले. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं; नव्या इमारतीत आणखी दोन वर्गखोल्या निघणार होत्या. "स्वतःच्या हट्टापायी शाळेचं नुकसान केलं," असं कुणीतरी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालं. बाईंनी चहा घेतला आणि उठून शेडमध्ये गेल्या. मी थोड्या वेळानं गेलो तर त्या सुतारकामाच्या टेबलाशी बसून पटाशांना तेल लावत होत्या. डोळे पुसत होत्या आणि तेलाचा हात लागून गालावर काळं उमटलं होतं.

"मला ती लेथ पाहिजे होती हो, सर," त्या म्हणाल्या. "फार पाहिजे होती."

घरीही धुसफूस होती. फिटर माणसाला, शाळेत येणारी लेथ बायकोनं परत पाठवली, हे कसं पटावं? यजमान कित्येक दिवस नीट बोलत नव्हते. मला एकदा रस्त्यात भेटले तर म्हणाले, "सर, तुम्ही तरी समजवायचं. नवी कोरी लेथ!" नव्या कोऱ्या लेथबद्दल ते असे बोलत होते, की जणू कुणी आप्त गेला.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी शाळेच्या फाटकात टेम्पो उभा राहिला. मागे यजमान आणि त्यांच्या कारखान्यातले चार दोस्त, आणि त्यांच्यामध्ये दोरखंडांनी बांधलेली एक म्हातारी लेथ. भंगारात निघालेली, रंग उडालेली, एक चाक दुसऱ्याच कुठल्या यंत्राचं बसवलेलं. त्यांनी ती सुट्टीभर खटपट करून चालू केली होती. बाई धावत आल्या.

"ही कुठून आणली?"

यजमानांनी घाम पुसला. "बॉस्टनहून," ते म्हणाले.

मी बाईंना एवढं मोठ्यानं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्या टेम्पोच्या फळीला धरून खाली बसल्या.

त्या लेथवर पुढची काही वर्षं शाळेतल्या प्रत्येक पोरानं आणि पोरीनं एक भोवरा केला. 'अ'नं केला, 'ब'नं केला, 'क'नं केला. यजमान रविवार सोडून कारखान्याच्या सुट्टीचा कुठलाही दिवस मिळाला की येऊन तेलपाणी करायचे आणि पोरांच्या पाठीशी उभे राहायचे. एका डॉक्टरांच्या पत्नी तक्रार घेऊन आल्या, की मुलीचे हात काळे झाले. बाई म्हणाल्या, "साबणानं निघतं, ताई. भोवरा बघितला का तिचा?" ताईंनी बघितला नव्हता. मुलीनं व्हरांड्यात फिरवून दाखवला. तो बराच वेळ फिरला. ताई पर्स काखेत धरून बघत राहिल्या आणि तक्रार तशीच राहून गेली.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा चित्रकलेची जागा भरली गेली नाही. 'पुढे बघू' असं सांगण्यात आलं. लेथ यजमानांनी घरी नेली आणि शेडमध्ये शाळेची जुनी बाकं ठेवली जाऊ लागली. आम्हाला वाटलं, बाई आता भावाच्या शेतावर जाऊन बसतील. पण त्यांना वेगळंच सुचलं होतं. आठवड्यातून एकदा त्या सुरगाण्याकडे जायला लागल्या. तिकडच्या पाड्यावरच्या शाळांतल्या बायांना आणि गुरुजींना गोळा करून चित्र शिकवायला. पोरांना नाही, शिक्षकांनाच.

"सगळे माझ्यासारखे घाबरट असतील," मी म्हणालो.

"तुमच्याइतके नाहीत," त्या म्हणाल्या. "बटाटा कुणीच काढत नाही."

शेवटच्या भेटल्या त्या जीपच्या थांब्यावर. पुढच्या सीटवर ड्रायव्हर आणि नागलीचं पोतं मांडीवर घेतलेला एक म्हातारा यांच्या मध्ये दाटीवाटीनं बसल्या होत्या. ब्राऊनपेपरची मोठी गुंडाळी म्हाताऱ्याच्या पुढून खिडकीबाहेर आली होती. मी म्हणालो, "बाई, तब्येत बरी नाही म्हणे. कशाला ही दगदग?" त्यांनी नुसता हात हलवला. काहीतरी बोलल्याही, पण गाडी सुरू झाली होती. वळणापर्यंत ती गुंडाळी दिसत राहिली.

त्यानंतर महिनाभरात बाई गेल्या. हृदयविकारानं, झोपेत.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी मला सुरगाण्याकडे जावं लागलं. काम लवकर आटपलं. जीपला वेळ होता म्हणून जवळच्या एका शाळेच्या ओट्यावर टेकलो. आत एक तरुण बाई फळ्यावर काहीतरी काढत होत्या. काढायच्या, खिडकीबाहेर बघायच्या, पुसायच्या, परत काढायच्या. बाहेर अंगणात हातपंप होता. फळ्यावरचा हातपंप मात्र बगळ्यासारखा दिसत होता.

"बाई, दांडा वाकडा हे," एक पोरगी ओरडली.

"मग तू ये. तू काढ," बाई म्हणाल्या आणि खडू तिच्या हातात दिला. जराही रागावल्या नाहीत.

तास संपल्यावर बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "हे असं बघून काढायला कुणी शिकवलं?"

"नाशिकवरून एक बाई यायच्या, सर. म्हाताऱ्या होत्या. मला तर खडू धरायची भीती वाटायची. त्या म्हणायच्या, पोरांसमोर चुकायचं, पुसायचं, परत काढायचं. लपवायचं नाय." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही नाशिकचे का? मग ओळखत असाल. लय दिवस झाले, आल्या नायत. माणसाचं चित्र शिकवते म्हणाल्या होत्या. येतील ना?"

मला सांगावं लागलं.

त्या ओट्याच्या कडेवर माझ्या शेजारी बसल्या. हाताला लागलेला खडू साडीला पुसायचंही त्यांना सुचलं नाही. आत वर्गात दंगा सुरू झाला होता. थोड्या वेळानं त्या उठल्या, आत गेल्या आणि त्या मघाच्या पोरीला म्हणाल्या, "ये गं, इथं उभी राहा. हलू नको." पोरगी फळ्याशेजारी ताठ उभी राहिली, लाजली, हसली, परत ताठ झाली. बाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग फळ्याकडे वळून त्यांनी तिचं डोकं काढायला सुरुवात केली.